दुसरी सही

"तुमाले कायले सांगू मॅडम, पोरगं तापलं होतं ना तुमचं." एवढंच म्हणून भाऊंनी खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली आणि ते नळावर तोंड धुवायला गेले. पिशवीत काचेच्या नळ्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडाशी कापसाचा बोळा आणि पोटावर रबरानं बांधलेली कागदाची चिठ्ठी. आठ ते नऊ. नऊ ते दहा. पहाटे चार ते पाच. निळ्या बॉलपेननं, भाऊंच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. काही नळ्यांत डास अजून जिवंत होते, काचेला पाय टेकून, मागचा भाग वर उचलून बसलेले. हिवतापाचा डास, ॲनॉफिलीस, असा बसतो हे शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातही असतं, पण सकाळच्या उन्हात, रात्रभर जागलेल्या माणसाच्या पिशवीतून निघालेल्या नळीत तो तसा बसलेला बघताना माझ्या पोटात कालवलं. कारण त्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीवर, रात्री आम्ही दोघं बसणार होतो. तसं ठरलं होतं. आणि मला न सांगता ते एकटेच जाऊन आले होते.

गडचिरोलीच्या जंगलातला टोला होता तो, नाव लिहीत नाही. एक लहान मूल मेंदूच्या हिवतापानं दगावलं होतं. आणखी काही रक्तनमुन्यांत पीएफ, म्हणजे हिवतापाचा घातक फाल्सिपेरम परजीवी, सापडला होता आणि साथीची चौकशी माझ्याकडे होती. कुठला डास चावतोय, किती वाजता चावतोय, घरात चावतोय की अंगणात, हे कळल्याशिवाय फवारणीला अर्थ नसतो. ते कळण्याची जुनी रीत अशी, की एका माणसानं पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून अंधारात बसायचं, पायावर काही टेकल्याची जाणीव झाली की टॉर्च लावायचा आणि डास सोंड खुपसायच्या आत त्याला नळीनं ओढून घ्यायचं. नेहमी आतच ओढून होतो असं नाही. म्हणून दोन माणसं लागतात. एकानं बसायचं, दुसऱ्यानं घड्याळ बघायचं, चिठ्ठी लिहायची, बसलेल्याला पेंग आली तर हलवायचं. तासातासानं अदलाबदल. नोंदवहीत दोन सह्या. कीटक समाहारक म्हणून भाऊंची उभी नोकरी यात गेली होती आणि दोन माणसांचा हा नियम मला त्यांनीच पहिल्यांदा शिकवला होता.

भाऊंना काही झालं नाही. गोळ्या घेतल्या होत्या, तापही आला नाही. नळ्या बरोबर होत्या, वेळा बरोबर होत्या, ॲनॉफिलीसातला फ्लुव्हिॲटिलिस सापडला तोही अपेक्षेप्रमाणे. तरी त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही. माझी काळजी घेतली म्हणून भरून यायला हवं होतं आणि थोडं आलंही होतं. माझ्या मुलाच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत मी घरी बसले होते, ती रात्र त्यांनी मला दिली होती. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी टोचत होतं, कुणीतरी माझ्या वाट्याचं काढून नेल्यासारखं. धोका वाट्याला यावा असं कुणाला वाटेल? मला वाटत होतं. आणि नोंदवहीत दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती, ती भरायला त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, तेव्हा मी पेन उचललं नाही.

जेसी लझियर या अमेरिकन डॉक्टरच्या मरणाबद्दल मी विद्यार्थिदशेत वाचलं होतं, परीक्षेपुरतं. भाऊंच्या त्या सकाळीनंतर परत वाचलं आणि या वेळी लझियरकडे न बघता त्याच्या वरिष्ठाकडे, वॉल्टर रीडकडे, बघत वाचलं. जो परत आला आणि ज्याला कळलं, त्याच्याकडे. (या मंडळींना अहोजाहो करणं आता मला जमत नाही. फार रात्री सोबत काढल्यात.)

१९०० सालचा उन्हाळा, हवाना. पीतज्वर (यलो फीवर) कशानं पसरतो हे शोधायला अमेरिकन लष्करानं चौघांचं मंडळ नेमलं होतं. मेजर रीड प्रमुख, सोबत जेम्स कॅरोल, अरिस्टिडेस अग्रामोंते आणि चौतीस वर्षांचा लझियर. चौघांत डासांचं खरं काम येत होतं ते लझियरला. बाल्टिमोरला त्यानं हिवतापावर काम केलेलं. हवानातले डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते की पीतज्वर डास पसरवतो, आणि जवळजवळ वीस वर्षं लोक त्यांना हसत होते. फिनलेंनी या मंडळाला डासांची अंडी दिली, काळ्या बारीक दाण्यांसारखी. आज जो एडिस इजिप्ती आपल्याकडे फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि छपरावरच्या टायरात डेंग्यू वाढवतो, तोच हा. लझियरनं ती अंडी वाढवली, डास नळ्यांत ठेवले आणि रोज रुग्णालयात जाऊन एकेक नळी रुग्णाच्या अंगावर उपडी धरून त्यांना रक्त पाजू लागला. प्राण्यांना हा रोग देता येत नव्हता. मग माणसावर प्रयोग करायचे तर आधी स्वतःवर, असं मंडळात ठरलं. अग्रामोंते जन्मानं क्यूबाचा, त्याला रोगाची प्रतिकारशक्ती असेल असं धरलं होतं. उरले तिघं. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला रीड वॉशिंग्टनला निघून गेला. आंत्रज्वरावरचा (टायफॉइडवरचा) मोठा अहवाल पुरा करायचा होता, त्यातला एक सहकारी नुकताच वारला होता. कारण खरं होतं. तरी उरले दोघंच.

ऑगस्टभर काहीच घडलं नाही. लझियरनं स्वतःला चावून घेतलं, इतरांनीही घेतलं, सगळे ठणठणीत. डासावरचा विश्वास उडत चालला होता, कॅरोलचा तर मुळात नव्हताच. २७ ऑगस्टला एक डास रक्त प्यायला तयार नव्हता, मरायला टेकला होता. बारा दिवसांपूर्वी तो पीतज्वराच्या एका रुग्णाला चावला होता. कॅरोलनं हात पुढे केला, लझियरनं नळी धरली आणि डास भरपेट प्याला. दोन दिवसांत कॅरोलला कसंतरी वाटू लागलं आणि पुढच्या काही दिवसांत तो मरणाच्या दारात होता. अग्रामोंतेनं १९१५ साली लिहिलेल्या आठवणीत एक गोष्ट आहे, ती मला कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगते. कॅरोलला पीतज्वरच झालाय हे कळल्यावर अग्रामोंते आणि लझियर दोघंही हादरले. आणि त्या प्रयोगाची हकिगत सांगताना लझियर पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की दोन आठवड्यांपूर्वी मीही चावून घेतलं होतं, मला तर काही झालं नाही. स्वतःवरचा दोष झटकायला धडपडत होता बिचारा, असं अग्रामोंते लिहितो. नळी त्यानं धरली होती ना.

कॅरोल वाचला. ती बातमी वॉशिंग्टनला पोचली तेव्हा रीडनं त्याला आनंदानं ओथंबलेलं पत्र लिहिलं, देवाचे आभार मानले, आणि सगळं लिहून झाल्यावर पाठीमागे एक ओळ टाकली: डासानंच केलं का हे? माणूस जगल्याचा आनंद आणि उत्तर मिळण्याची तहान एकाच कागदाच्या दोन बाजूंना. मला यात रीडचा राग येत नाही. साथीच्या चौकशीत मी हे दोन्ही एकाच वेळी अनुभवलंय, आणि ज्यानं अनुभवलं नाही त्याला ते निर्दय वाटेल. पण त्याच महिन्यात त्यानं हवानातल्या एका मित्राला असंही लिहिलं, की माझे सहकारी तिकडे तापानं आडवे पडताहेत आणि मी इथे सुरक्षित देशात बसलोय याची मला लाज वाटते.

८ सप्टेंबरला लझियरनं बायकोला, मेबलला, पत्र लिहिलं. खऱ्या जंतूच्या मागावर मी आहे असं वाटतंय, पण अजून कुणाला बोलायचं नाही, अशा अर्थाचं. ती तेव्हा अमेरिकेत होती, त्यांची मुलगी नुकतीच जन्मली होती. त्यानं तिला पाहिलं नव्हतं. १३ तारखेला त्याला डास चावला. १८ ला अंग मोडून आलं, मग थंडी वाजली, मग कावीळ चढली. विचारणाऱ्यांना त्यानं सांगितलं की लास ॲनिमास रुग्णालयात डासांना रक्त पाजताना एक मोकळा डास हातावर येऊन बसला, नळीतले डास सांभाळायचे म्हणून मी त्याला उडवला नाही, पिऊ दिलं. कॅरोल नुकता कुठे उठून बसायला लागला होता. लझियरला शेवटचं भेटला तेव्हाच्या त्याच्या डोळ्यांतली भीती मी कधी विसरणार नाही, असं त्यानं पुढे लिहिलं. काळी उलटी येणार याची लक्षणं दिसत होती आणि त्यांचा अर्थ लझियरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो गेला. मेबलला तार गेली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रीड हवानाला परतला आणि लझियरची वही त्याच्या हाती आली.

नोंदी बारीक, नेटक्या होत्या. कुठला डास कुठल्या अंड्यातून आला, कुठल्या तारखेला कुणाला चावला, रुग्णाचा तेव्हा आजाराचा कितवा दिवस होता. आणि १३ सप्टेंबरच्या तारखेखाली एक नोंद: गिनीपिग क्रमांक १. याला आज अमुक डास चावला. त्या डासाचा सगळा पूर्वेतिहास, आधीचे चारही रुग्ण तारखांसकट दिलेले. चावून घेणाऱ्याचं नाव मात्र नाही. काहींनी तो खराच गिनीपिग असेल असंही म्हटलंय. पण तारीख तीच, पुढे लझियर पडला तोही डास चावल्यावर जितक्या दिवसांनी पडायला हवा तितक्याच दिवसांनी, त्यामुळे बहुतेक अभ्यासक मानतात की हा गिनीपिग म्हणजे तो स्वतःच. हातावर येऊन बसलेला मोकळा डास कधी नव्हताच. कापसाच्या बोळ्याच्या नळीतला, पाळलेला, तारीखवार माहीत असलेला डास होता.

ती नोंद वाचताना रीडला काय वाटलं असेल याची कल्पना मी माझ्या मापानं करते. आधी आनंद झाला असणार, शरमेचा आनंद, कारण त्या वहीनंच कोडं सुटत होतं. ऑगस्टमधले प्रयोग का फसले आणि कॅरोल का पडला, याचं उत्तर तारखांत होतं: रुग्णाचं रक्त प्यायल्यावर डासाच्या अंगात रोग पिकायला बारा-एक दिवस लागतात. हेन्री रोझ कार्टर या डॉक्टरनं १८९८ मध्ये मिसिसिपीतल्या गावांत हेच दुरून पाहिलं होतं. घरात पहिला रुग्ण आला की दुसरे लगेच पडत नाहीत, मध्ये दोन-तीन आठवडे जातात. फिनलेंचे प्रयोग याच दिवसांच्या हिशोबावर अडले होते. मग त्या आनंदाच्या मागून ते दुसरं आलं असणार. आपण चौघांनी मिळून ठरवलं होतं. आपण गेलो. आणि यानं एकट्यानं केलं, वर आजारी पडल्यावर सोबत्यांनाही खरं सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? आयुर्विम्याचे पैसे बायकोला मिळावेत म्हणून, असं म्हटलं जातं. स्वतःहून ओढवलेलं मरण ठरलं असतं तर ते अडकले असते. शक्य आहे. दोन मुलांचा बाप होता तो. पण मला अग्रामोंतेच्या त्या ओळीत जास्त खरं कारण दिसतं. मित्राच्या हातावर आपण नळी धरली आणि तो मरता मरता वाचला. त्यानंतर आणखी कुणाचा हात मागायचं धाडस उरत नाही. डीन नावाच्या एका सैनिकानं ३१ ऑगस्टला चावून घेतलं, तोही पडला, सुदैवानं थोडक्यात निभावला. पुढचा हात आपलाच, आणि कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर ते थांबवतील किंवा त्याहून वाईट म्हणजे सोबत येतील. माणूस निष्काळजी असला की न सांगता जातो, असं आपण समजतो. मला उलट दिसलंय. न सांगता जाणारी माणसं काळजीनं काठोकाठ भरलेली असतात, आणि ती काळजी ज्याच्यासाठी असते त्याला तिच्यात काही म्हणायला जागाच उरत नाही.

रीडनं २३ ऑक्टोबरला इंडियानापोलिसच्या सभेत प्राथमिक निबंध वाचला. तिन्ही रुग्ण त्यात आहेत. कॅरोल आणि लझियर दोघंही चावा घेण्याच्या आसपास रोगाच्या जागी वावरलेले, तेव्हा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग लंगडा. छावणी सोडून बाहेर न गेलेल्या डीनचाच खरा आधार. आणि लझियरची हकिगत रीडनं छापली ती लझियरनं सांगितली तशीच. रुग्णालयात हातावर बसलेला डास, त्याला मुद्दाम पिऊ दिला. वही स्वतः वाचलेल्या माणसानं हे छापलं. वैज्ञानिक म्हणून मला हे सलतं. ज्या नोंदीसाठी माणूस मेला ती नोंद, चोख डासाची, चोख तारखेची, अपघाताच्या खात्यात गेली. सोबती म्हणून विचार केला की वाटतं, रीडनं त्याचं झाकलेलं झाकलेलं ठेवलं, दुसरं तो काय करणार होता. या दोन्हींत मला आजवर एक निवडता आलेलं नाही.

पण त्यानंतर रीडनं जे केलं त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. २० नोव्हेंबरला त्यानं क्वेमाडोसजवळ माळावर एक छावणी उभी केली आणि तिला नाव दिलं कॅम्प लझियर. दोन लहान लाकडी खोल्या. एकीत पीतज्वराच्या रुग्णांचे घाणीनं बरबटलेले कपडे आणि अंथरुणं, त्यात माणसं रात्रीमागून रात्री झोपली, कुणी आजारी पडलं नाही. दुसरी खोली स्वच्छ, मधोमध बारीक तारेची जाळी, एका बाजूला डास सोडलेले. २१ डिसेंबरला जॉन मोरान हा स्वयंसेवक त्या बाजूला जाऊन निजला आणि ख्रिसमसच्या दिवशी तापला. जाळीच्या पलीकडे, तीच हवा घेत झोपलेले धडधाकट राहिले. आणि या छावणीत प्रयोगासाठी येणाऱ्यांकडून कागदावर सही घेतली जाई. स्पेनहून नव्यानं आलेल्या मजुरांसाठी कागद स्पॅनिशमध्ये केलेला. वय पंचवीसच्या वर, मी स्वखुशीनं येतो, या तापानं जिवाला धोका आहे हे मला ठाऊक आहे, शंभर डॉलर सोन्यात मिळतील, आजारी पडलो तर आणखी शंभर. खाली त्याची सही, मंडळाची सही. त्या कागदातही खोट आहे. बेटावर राहून हा रोग टळणारच नाही असं त्यात लिहिलंय, आणि गरीब माणसाला शंभर डॉलर म्हणजे काय हेही उघड आहे. मोरान आणि किसिंजर नावाचा आणखी एक स्वयंसेवक, या दोघांनी पैसे नाकारले, सगळ्यांना ते परवडणारं नव्हतं. तरी माणसावरच्या प्रयोगासाठी असा लेखी करार त्याआधी क्वचितच कुठे झाला असेल. हा कागद कुठून आला हे मला समजलंय असं वाटतं. एका निनावी नोंदीतून आला तो. रीडला पुन्हा नाव नसलेला गिनीपिग नको होता.

आपल्या मुंबईत तीन वर्षं आधी वाल्डेमार हाफकीन यांनीही स्वतःवर प्रयोग केला होता. १० जानेवारी १८९७, ग्रँट मेडिकल कॉलेज, प्लेगची लस. ताप चढला, उतरला. पण तिथे टोचणारा दुसरा होता, बघणारे होते, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. त्या कैद्यांची स्वखुशी किती मोकळी होती हा प्रश्न मला छळतो, पण परळच्या हाफकीन संस्थेच्या फाटकाशी गेले की मनात येतं, की ताप चढत असताना हाफकीन यांच्या खोलीत कुणालातरी ठाऊक होतं हा ताप कशाचा. लझियरच्या खोलीत ते एकालाच ठाऊक होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९०१ मध्ये गॉर्गस या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं हवानातली पाण्याची पिंपं झाकली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतलं आणि काही महिन्यांत शहरातून पीतज्वर नाहीसा झाला. रीड १९०२ मध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्यानं गेला. कॅरोलचं हृदय त्या तापात कायमचं दुबळं झालं होतं, तो १९०७ मध्ये गेला. १९२९ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं सुवर्णपदकं दिली, त्यात लझियरचंही नाव आहे.

आता नवीन मुलांचं प्रशिक्षण घ्यायचं काम माझ्याकडे असतं आणि नळी धरायला शिकवण्याआधी मी त्यांना हे सगळं सांगते. फळ्यावर तिघांची नावं लिहिते, कॅरोल, डीन, लझियर, आणि विचारते, यातला प्रयोग कोणता, अपघात कोणता. हमखास भांडण जुंपतं. मागच्या तुकडीत अहेरीकडची एक मुलगी होती, सगळ्यांचं होईपर्यंत गप्प. मग म्हणाली, "मॅडम, त्यानं सांगितलं असतं तर बाकीच्यांनी त्याला जाऊ दिलं असतं का?"

मी म्हटलं, कॅरोलला कुणी अडवलं होतं का? ती म्हणाली, नाही, उलट लझियरनंच नळी धरली. मग स्वतःच जरा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे कॅरोलनं याची धरली असती. आजारातून उठून आला असता आन् धरली असती." वर्गात कुणी काही बोललं नाही, पण दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी कपाटातून नळ्यांचा ट्रे काढला आणि त्यांना सांगितलं, दोघादोघांच्या जोड्या करा.